लिफ्टचे स्वयंचलित दार : संवेदक आणि सुरक्षितता

बहुमजली इमारत ही आता केवळ मुंबईची मिरास राहिलेली नाही. नागपूर शहरात, तसेच शहराला लागून असलेल्या बेसा यांसारख्या वस्त्यांतही गेल्या काही दशकांत उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या आहेत. कार्यालये, रुग्णालये आणि महाविद्यालये यांचेही मजले वाढले आहेत. नागपूर मेट्रोच्या खापरी ते सीताबर्डी या मार्गाचे उद्‍घाटन ७ मार्च २०१९ रोजी झाले आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिल्या टप्प्यातील उरलेल्या मार्गांचे उद्‍घाटन झाले. ही मेट्रो भुयारी नाही. तिचा बहुतेक मार्ग खांबांवरून जातो. साहजिकच वृद्ध, अपंग, गरोदर स्त्रिया आणि सामानसुमान घेऊन निघालेले प्रवासी यांना फलाटापर्यंत नेणारी लिफ्ट ही तेथे चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू ठरली आहे.

पूर्वी लिफ्टमध्ये लिफ्टमन असे. कोण आत येत आहे, कोणाचा पाय उंबरठ्यावर आहे, कोणाचे मूल मागे राहिले आहे, हे पाहूनच तो दार ओढून घेई. आज बहुसंख्य लिफ्टमध्ये लिफ्टमन नाही आणि दार आपोआप मिटते. लिफ्टमनच्या नजरेचे काम आता संवेदक नावाची उपकरणे करतात. ही उपकरणे काय पाहतात, काय पाहू शकत नाहीत आणि ती चालू स्थितीत राहावीत म्हणून कोणी काय करावयाचे, हे लिफ्ट वापरणाऱ्या प्रत्येकाने आणि विशेषतः इमारतीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

दोन दारे आणि एक कुलूप

लिफ्टला वास्तविक दोन दारे असतात. एक दार लिफ्टच्या कक्षाला असते व ते कक्षाबरोबर वरखाली जाते. दुसरे दार प्रत्येक मजल्यावर, लिफ्टच्या विहिरीच्या तोंडाशी असते. कक्ष मजल्यावर येऊन थांबला म्हणजे कक्षाचे दार मजल्याच्या दाराला आपल्याबरोबर ओढते आणि दोन्ही दारे एकदम उघडतात. कक्ष तेथे नसेल तेव्हा मजल्याचे दार कुलूपबंद राहिले पाहिजे. शिवाय, ते नीट मिटून कुलूप बसल्याखेरीज लिफ्ट जागची हलता कामा नये. यासाठी कुलपाला विजेचा संपर्क जोडलेला असतो. कुलपाचा दांडा पुरेसा आत गेला, तरच विद्युतमंडल पूर्ण होते व यंत्राला चालण्याची मुभा मिळते. ह्या व्यवस्थेला आंतरबंध म्हणता येईल.

लिफ्टच्या इतिहासात या दाराचा विचार काहीसा उशिरा झाला. अमेरिकेतील एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यूयॉर्क येथील प्रदर्शनात दोर तुटला तरी कक्ष खाली न कोसळू देणारी योजना लोकांना करून दाखविली. १८५७ मध्ये त्याच शहरातील एका दुकानाच्या इमारतीत त्यांच्या कंपनीची प्रवासी लिफ्ट बसली. कोसळण्याची भीती अशा रीतीने कमी झाली. परंतु विहिरीचे तोंड उघडे राहिल्याने माणसे पडण्याचा धोका कायमच होता. दार उघडणे व मिटणे हे माणसाच्या स्मरणावर अवलंबून होते. १८८७ मध्ये अलेक्झांडर माइल्स या कृष्णवर्णीय अमेरिकन संशोधकाने कक्षाच्या हालचालीबरोबर दारे आपोआप उघडमिट करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट मिळविले. दाराचे काम विसराळू हातांकडून काढून यंत्राकडे सोपविण्याच्या वाटचालीतील हा एक महत्त्वाचा टप्पा होय.

मात्र दार यंत्राच्या स्वाधीन होताच दुसरा प्रश्न उभा राहिला. मिटणाऱ्या दारात माणूस आला, तर ते दाराला कळावे कसे?

स्पर्शापासून प्रकाशापर्यंत

या प्रश्नाचे पहिले उत्तर स्पर्शाचे होते. दाराच्या कडेला पुढे आलेली एक हलती पट्टी बसविली जाई. ती अंगाला लागून मागे दबली की आतील खटका चालू होऊन दार मागे फिरे. ही योजना साधी व टिकाऊ असल्याने अनेक जुन्या लिफ्टमध्ये आजही दिसते. तिचा दोष उघड आहे. दाराला माणूस कळण्यापूर्वी माणसाला दार लागलेले असते. धडधाकट व्यक्तीला त्याचे काही वाटणार नाही. पण कुबडीवर उभ्या असलेल्या वृद्धाचा तोल जाण्यास तेवढा धक्का पुरेसा असतो.

दुसरे उत्तर प्रकाशाचे. दाराच्या एका बाजूने सोडलेला किरण समोरच्या बाजूच्या प्रकाशविद्युत घटावर पडतो. तो अडला की दार उघडते. येथे स्पर्शाची गरज उरली नाही. परंतु किरण एक किंवा दोनच असत आणि ते ठरावीक उंचीवरून जात. दोन किरणांच्या मधून रांगणारे मूल, पुढे केलेला हात किंवा ढकलगाडीचा दांडा निसटून जाऊ शके.

आज सर्वत्र रूढ होत असलेले तिसरे साधन म्हणजे प्रकाशपडदा. दाराच्या एका कडेला अवरक्त किरण सोडणाऱ्या छोट्या दिव्यांची उभी पट्टी आणि समोरच्या कडेला ते टिपणाऱ्या घटांची तशीच पट्टी बसवितात. हे किरण डोळ्यांना दिसत नाहीत. पट्टीतील दिवे एकामागून एक लुकलुकतात आणि प्रत्येक दिव्याचा प्रकाश समोरच्या एकाच नव्हे, तर आजूबाजूच्या घटांवरही पडतो. त्यामुळे सरळ व तिरप्या किरणांचे कोष्ट्याच्या जाळ्यासारखे दाट जाळे दारात विणले जाते. सर्व दिव्यांची फेरी सेकंदाच्या अल्पशा भागात पुरी होते. जाळ्यातील एकही किरण अडला, तर दार मिटावयाचे थांबते व मागे फिरते.

याच्याही पुढची साधने आता उपलब्ध आहेत. काही संवेदक दाराच्या बाहेर, येणाऱ्या माणसाच्या दिशेने किरण सोडतात. दारापाशी कोणी येत असेल, तर ते दार आधीच रोखून धरतात. काही सूक्ष्म रेडिओलहरींवर चालतात. काही संवेदक प्रकाश जाऊन परत येण्यास लागलेल्या वेळावरून वस्तूचे अंतर मोजतात. कॅमेऱ्याने टिपलेले चित्र संगणकाकडून तपासून, माणूस आत येण्यासाठी उभा आहे की नुसता समोरून जात आहे, हे ओळखण्याचे प्रयत्नही झाले आहेत. तथापि आपल्याकडील इमारतींच्या दृष्टीने प्रकाशपडदा हेच आज सर्वांत महत्त्वाचे साधन मानले पाहिजे.

वेगाचे आणि इजेचे गणित

दार माणसावर आदळल्यास इजा किती होईल, हे दाराचे वजन आणि वेग यांवरून ठरते. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगावयास नको. समजा, दाराच्या हलत्या भागांचे एकूण वजन १०० किलोग्रॅम आहे. ते सेकंदाला २५ सेंटिमीटर वेगाने मिटत असेल, तर त्याची ऊर्जा सुमारे ३ ज्यूल होते. वेग ५० सेंटिमीटर केला की ऊर्जा १२.५ ज्यूल, म्हणजे चौपट होते. एक किलो वजन एक मीटर उंचीवरून पडले म्हणजे जेवढी ऊर्जा घेऊन येते, ती सुमारे १० ज्यूल, हे ध्यानात घेतले तर या आकड्यांचा अर्थ स्पष्ट होईल.

युरोपातील ई.एन. ८१-२० या मानकाने याच गणितावर मर्यादा घालून दिल्या आहेत. संरक्षक साधन चालू असताना मिटणाऱ्या दाराची ऊर्जा १० ज्यूलपेक्षा अधिक असू नये. ते साधन बंद पडले असेल, तर ती ४ ज्यूलपेक्षा अधिक असू नये. दार रोखण्यासाठी १५० न्यूटनपेक्षा, म्हणजे ढोबळमानाने १५ किलोच्या भारापेक्षा जास्त जोर लावावा लागू नये. संरक्षक साधनाने उंबरठ्यापासून २५ मिलिमीटर ते १६०० मिलिमीटर उंचीपर्यंतचा पट्टा राखावा आणि ५० मिलिमीटर जाडीची वस्तू ओळखावी, अशीही अपेक्षा आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेले आय.एस. १७९०० हे लिफ्टविषयक मानक याच आंतरराष्ट्रीय विचारधारेला अनुसरणारे आहे.

या नियमांतील मर्म असे की, दाराला डोळे असतील तर त्याला जलद चालण्याची मुभा आहे; डोळे मिटले तर त्याने सावकाश चालले पाहिजे. एखादी वस्तू दारात फार वेळ अडकून राहिली, तर काही लिफ्टमध्ये दार गजर करीत अगदी मंद गतीने मिटू लागते. हा गजर म्हणजे "बाजूला व्हा" अशी सूचना असते. पुष्कळांना ती ठाऊक नसल्यामुळे ते दाराशी झटापट करीत राहतात.

सुरक्षिततेतून वेळेची बचत

संवेदक केवळ इजा टाळतात असे नाही. ते वेळही वाचवितात. साध्या लिफ्टमध्ये दार ठरावीक सेकंद उघडे राहते, मग कोणी यावयाचे असो वा नसो. संवेदक असलेल्या लिफ्टमध्ये शेवटचा माणूस आत आला हे कळताच दार मिटविता येते आणि कोणी येत असेल तर ते थांबविता येते. उदाहरणादाखल, एका कार्यालयातील लिफ्ट एका फेरीत दहा ठिकाणी थांबते व तिला १५० सेकंद लागतात असे धरू. तासात अशा २४ फेऱ्या होतील. प्रत्येक थांब्यावर दोन सेकंद वाचले, तर फेरी १३० सेकंदांची होऊन तासात सुमारे २८ फेऱ्या होतील. दर फेरीला आठ माणसे धरली, तर तासाला १९२ ऐवजी सुमारे २२० माणसे वर जातील. नवीन लिफ्ट न बसविता सकाळच्या रांगेत पडणारा हा फरक लहान नव्हे.

पण येथे एक पथ्य पाळावयास हवे. वेळ वाचविण्याच्या हौसेने दार सर्वांसाठीच घाईने मिटविणे इष्ट नाही. केंद्र शासनाच्या २०१६ च्या आदर्श इमारत उपविधींत अपंगांसाठीच्या लिफ्टचे दार किमान ९०० मिलिमीटर रुंद असावे, ते मिटण्याचा अवधी किमान ५ सेकंद असावा आणि मिटण्याचा वेग सेकंदाला ०.२५ मीटरपेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. चाकांच्या खुर्चीवरील व्यक्तीला मिळणारे हे काही सेकंद म्हणजे कार्यक्षमतेतील तूट नव्हे. ती लिफ्ट ज्यांच्यासाठी मुख्यतः आहे, त्यांचा तो हक्क आहे.

डोळ्याच्या मर्यादा

संवेदक हे मानवनिर्मित साधन आहे आणि त्याला मर्यादा आहेत. मानक ५० मिलिमीटर जाडीच्या वस्तूची हमी मागते. मोठ्या माणसाचे मनगट साधारण तेवढे असते. साडीचा पदर, ओढणी, शाळेच्या दप्तराचा पट्टा, कुत्र्याची साखळी, म्हाताऱ्या माणसाची काठी आणि अंध व्यक्तीची पांढरी छडी या सर्व वस्तू त्याहून बारीक आहेत. दाट किरणांचा चांगला पडदा यांतील काही वस्तू ओळखतो. परंतु त्यावर विसंबून राहता येत नाही. मिटलेल्या दारात ओढणी अडकली आणि लिफ्ट निघाली, तर परिणाम गंभीर होऊ शकतो. दार मिटू नये म्हणून काठी किंवा पिशवी पुढे करण्याची सवय याच कारणाने घातक आहे.

दुसरी मर्यादा हवापाण्याची. सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. आपले किरण सूर्याच्या किरणांतून वेगळे ओळखता यावेत म्हणून संवेदकाचे दिवे विशिष्ट लयीत लुकलुकविले जातात. तरीही उघड्या सज्जातील लिफ्टवर दुपारचे तिरपे ऊन थेट पडले, तर घट दिपून जाऊ शकतो. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि धुळीची वावटळ जिन्यांपर्यंत येते. पट्टीवर धूळ साचली किंवा ऊन पडले, की संवेदकाला वाटते, वाटेत काहीतरी आहे. मग दार मिटतच नाही.

हा दोष सुरक्षित बाजूचा आहे, कारण शंका आल्यास दार उघडे राहावे अशीच त्याची रचना असते. खरा धोका त्यानंतर सुरू होतो. लिफ्ट अडून राहिली म्हणून रहिवासी तक्रार करतात आणि कोणीतरी संवेदकाची तार काढून किंवा जोडून तो निकामी करतो. लिफ्ट चालू होते, सर्वांचे समाधान होते; पण दार आंधळे झालेले असते आणि हे कोणालाही दिसत नाही.

संवेदकाचे म्हणणे तपासून पाहावे लागते, याचा एक धडा नागपूरनेच घेतलेला आहे. ३० मे २०२४ रोजी शहरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविले. देशभर खळबळ उडाली. शहरातीलच दुसऱ्या काही केंद्रांवरील तापमान मात्र ४४ अंशांच्या आसपास होते. हवामान खात्याने तपासणी केली व संवेदकातील बिघाडामुळे तो आकडा चुकीचा आल्याचे जाहीर केले. तेथे पडताळा पाहण्यास दुसरी केंद्रे आणि जाणकार माणसे होती. लिफ्टच्या दारापाशी असा पडताळा नियमित तपासणीखेरीज दुसऱ्या कशानेही मिळत नाही.

संवेदक जेथे संपतो

सर्वांत महत्त्वाची गोष्ट अद्याप सांगावयाची आहे. प्रकाशपडदा फक्त मिटणाऱ्या दारापासून माणसाला वाचवितो. दार उघडे असताना लिफ्ट हलू न देणे, किंवा कक्ष नसताना मजल्याचे दार उघडू न देणे, हे त्याचे काम नाही. ते काम कुलूप, आंतरबंध आणि ब्रेक यांचे आहे.

सप्टेंबर २०२२ मध्ये मुंबईतील मालाड येथे एका शाळेतील तरुण शिक्षिका लिफ्टमध्ये पाऊल टाकत असताना लिफ्ट चालू झाली आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. या प्रकारच्या दुर्घटनेत दाराच्या कडेचा संवेदक कितीही उत्तम असला, तरी तो पुरेसा ठरत नाही. दार उघडे असताना कक्ष मजल्यावरून सरकू लागल्यास त्याला तत्काळ रोखणारी स्वतंत्र यंत्रणा असावी, असा आग्रह नव्या मानकांत धरलेला आहे तो याचसाठी. जुन्या लिफ्टमध्ये ती बहुधा नसते.

जुन्या इमारतींतील जाळीच्या सरकत्या दारांचाही वेगळा विचार करावा लागेल. त्यांना संवेदक नसतोच. जाळीतून हात-पाय बाहेर येऊ शकतात आणि आतील व बाहेरील दारांमधील पोकळीत लहान मूल उभे राहू शकते. अशा लिफ्टचे दार बदलणे, निदान कक्षाला सपाट दार व प्रकाशपडदा बसविणे, हा खर्च टाळण्याजोगा नाही.

कायदा आणि जबाबदारी

आपल्या राज्यात लिफ्टसाठी कायदा १९३९ पासून आहे. मुंबई इलाख्याच्या काळातील त्या अधिनियमाची जागा घेण्यासाठी लिफ्टबरोबर सरकते जिने व चलते मार्ग यांचाही समावेश असलेला नवा अधिनियम २०१७ मध्ये करण्यात आला. लिफ्ट उभारण्यापूर्वी परवानगी, ती सुरू करण्यापूर्वी तपासणी आणि त्यानंतर ठरावीक मुदतीने निरीक्षण ही या व्यवस्थेची चौकट होय. हे काम विद्युत निरीक्षकांच्या यंत्रणेकडे आहे. अपघात घडल्यास त्याची खबर या यंत्रणेस देणे मालकावर बंधनकारक आहे.

तथापि निरीक्षक वर्षभर दारापाशी उभा राहू शकत नाही. रोजची नजर इमारतीच्या मालकाची, गृहनिर्माण संस्थेच्या समितीची किंवा कार्यालयप्रमुखाचीच असावी लागते. शहरालगतच्या ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत बहुमजली सदनिका उभ्या राहत आहेत, तेथील सदस्यांनीही इमारतीतील लिफ्टला परवाना आहे काय आणि देखभालीचा करार चालू आहे काय, याची विचारपूस करण्याचा प्रघात पाडावा.

काय करता येईल

पुढील गोष्टींना फारसा खर्च येत नाही.

१. महिन्यातून एकदा, प्रत्येक मजल्यावर, पाच सेंटिमीटर जाडीचा लाकडी ठोकळा लांब दांड्याला बांधून मिटत्या दारात घोट्याच्या, गुडघ्याच्या आणि कमरेच्या उंचीवर धरून पाहावा. दार मागे फिरले नाही, तर लिफ्ट बंद ठेवून तंत्रज्ञास बोलवावे.

२. संवेदकाच्या पट्ट्या कोरड्या मऊ फडक्याने पुसाव्यात. उंबरठ्याच्या खोबणीतील खडे व कचरा काढावा. नागपूरसारख्या ठिकाणी मार्च ते जून या काळात हे आठवड्यातून एकदा करणे चांगले.

३. दारावर थेट ऊन येत असल्यास आडोसा करावा. संवेदक बंद करून ठेवणे हा त्यावरील उपाय नव्हे.

४. देखभालीच्या वहीत संवेदक, कुलूप, ब्रेक आणि कक्ष मजल्याशी समपातळीत थांबतो की नाही, या चारही गोष्टींची स्वतंत्र नोंद करून घ्यावी. "लिफ्ट तपासली" एवढ्यावर सही करू नये.

५. मजल्याचे दार उघडण्याची विशेष किल्ली केवळ प्रशिक्षित व्यक्तीजवळच असावी.

६. आग लागली असता लिफ्ट वापरू नये, ही सूचना ठळकपणे लावावी. धुरानेही अवरक्त किरण अडतात व दार उघडे राहू शकते.

शाळांतून मुलांना चार गोष्टी शिकविता येतील. मिटणाऱ्या दारात हात, पाय किंवा दप्तर घालू नये. दार थांबवावयाचे असल्यास आतील बटण दाबावे. लिफ्ट मध्येच थांबली, तर दार ओढून बाहेर येण्याचा प्रयत्न न करता धोक्याची घंटा वाजवावी आणि वाट पाहावी. आणि दार उघडले तरी समोर कक्ष आहे, हे डोळ्यांनी पाहूनच पाऊल पुढे टाकावे.

हा शेवटचा नियम सर्वांत जुना आहे आणि कोणत्याही नव्या साधनाने तो रद्द झालेला नाही. लिफ्टमनच्या नजरेचा काही भाग विज्ञानाने दाराच्या कडेला बसविला, हे मोठेच काम झाले. त्या नजरेवर धूळ साचू न देणे आणि तिच्यामागील कुलूप शाबूत ठेवणे, एवढे काम मात्र आजही माणसाकडेच आहे.